नगरपालिकेचा शेंदूर

नाशिक, ३ डिसेंबर १९७९

पुतळाअक्का,

फाडायच्या आधी एवढं वाच. मुलगी झाली.

कार्तिकात झाली. सावळी हाय, हनुवटी आपल्या आईसारखी. रडत लय नाय. नुसती बघती. एवढीशी पोर एवढं काय बघती म्हणून मलाच भ्या वाटतं.

टपालानं धाडलं असतं तर बाच्या हाती पडलं असतं, आन मग चुलीत. म्हणून यादवकाकांकडं देते. ते टोपल्या विकायला पेठ नाक्यावर बसतात ना, तिथं दिसले. मला बघून आधी तोंड फिरवलं. मग पोरगी बघितली. म्हणाले, "ही कुणाची?" म्हणलं, "माझीच." तर म्हणाले, "मग इकडं सरक की, ऊन लागतंय तिला." आन एक मोठी टोपली उचलून तिच्यावर सावली धरली. बाला सांगणार नाय म्हणाले.

मी बौद्धाच्या घरात गेले म्हणून बानं माझ्या नावानं आंघोळ केली, ते मला कळलं. तू बी केली का? नको सांगू.

आम्ही कुठं राहतो ते लिहिते. तपोवनाच्या वाटेला एक जुनी बारव हाय. बारव म्हणजे विहीरच, पण पायऱ्या पायऱ्यांनी खाली पाण्यापर्यंत उतरायचं. पहिल्या वळणावर कमानीखाली दगडी खोली हाय, ती आमची. बारवेवर नगरपालिकेची मोटर हाय, बाजूच्या नर्सरीतल्या रोपांना पाणी जातं. मोटर चालवायचं काम ह्यांचं, म्हणून खोली मिळाली. मी, हे, माझ्या सासूबाई, त्यांना आत्याबाई म्हणते, आन आता ही.

दुपारचं ऊन पाण्यावर पडलं की उजेड वर येतो आन खोलीच्या छतावर हलत राहतो. सगळं छत पाणी होतं, अक्का. मी पोरीला घेऊन पडते तवा वाटतं आपण दोघी पाण्याच्या तळाला निजलोय आन वरून कुणीतरी बघतंय. पोरगी तेच बघती. कधी कधी हसती बी.

खाली, पाण्याच्या जरा वर, भिंतीत एक लांब दगड हाय. त्यात सात बाया कोरल्यात. नाकं झिजून गेलीत. एकीच्या कडेवर पोर हाय. आपल्याकडं बाळंतीण पाण्याला जाती, हळदकुंकू वाहती, मग पाणी तिला आन पोराला ओळखायला लागतं. मी अजून गेले नाय. सव्वा महिना होत आला. दुपारी डोळा लागला की त्या सातजणी ओल्या पायांनी पायऱ्या चढून येतात. काय बोलत नाय. दारात उभ्या राहतात आन पोरीकडं बघतात. उठून बघते तर उंबऱ्यापाशी ओल असती. हे म्हणतात दगड पाझरतो. असंल.

आत्याबाईंना सांगता येत नाय. त्यांनी छप्पन साली देव्हारा टोपलीत भरून नदीला दिला. म्हणतात, "चिमणा, माझ्या घरात दगडाला कुंकू लागायचं नाय." वाईट नायत त्या. माझ्या बाळंतपणात माझे पाय चेपले. पण ह्या बारवेचं पाणी त्या तोंडाला लावत नायत. बादली घेऊन नर्सरीपलीकडच्या नळावर जातात. का म्हणून विचारलं तर म्हणतात, "तू पी. तुला कुणी अडवलंय?"

आपल्या घरात बाळंतिणीला पहिली घागर माहेरची बाई भरून देती. आई नाय. आता तूच.

तुझी चिमणा

नाशिक, डिसेंबर सरता

अक्का,

यादवकाका म्हणाले तू पत्र घेतलं, वाचलं आन पदरात बांधलं. काय बोलली नाय. बरं. फाडलं तर नाय.

आता मोठं संकट हाय. पुढल्या साली सिंहस्थ हाय ना, गोदावरीच्या आंघोळीला लाखांनी लोक येणार. साधू तपोवनात उतरणार. त्यासाठी मोठा रस्ता होतोय, आन रस्ता बारवेवरून जातोय. बारव बुजवणार. रस्त्याचे साहेब येऊन काठीनं दाखवून गेले, असा येणार आन असा जाणार. काठी आमच्या चुलीवरून गेली, अक्का. मी भाकरी थापत होते.

हे रोजंदारीवर. मोटर गेली की काम गेलं, काम गेलं की खोली गेली. मी ह्यांना म्हणलं, "पोरीला घेऊन जायचं कुठं?" म्हणाले, "बघू." आत्याबाई म्हणाल्या, "सहादू, तू सालभर बघूच म्हणतोयस."

त्या साहेबांच्या मागून दोन दिसांनी दुसरे आले, वडनेरे साहेब. सायकलवर. बारीक अंगाचे, मफलर बांधलेले, शिंकत होते सारखे. नगरपालिकेत त्यांचं काम असं हाय की काय बी जुनं मोडायच्या आधी चार ठिकाणी विचारायचं. सरकारचा कायदा हाय म्हणे. एका हापिसाचा कागद दुसऱ्या हापिसात न्यायचा, मुंबईला लिहायचं, उत्तर येत नाय म्हणून परत लिहायचं. रस्तावाले त्यांच्यावर चिडतात, देवळावाले चिडतात. आमचे हे हसून म्हणाले, "साहेब, तुम्हाला कुणी चहा तरी देतं का?" मग मी दिला. पोरीकडं बघून म्हणाले, "ही इथंच झाली? म्हणजे बारवेतली सगळ्यात नवीन वस्तू."

चांगले हायत. पण बारव वाचंल असं त्यांनी बी म्हणलं नाय. म्हणाले, "वाचवता नाही आली तर निदान कोरलेले दगड काढून ठेवू." त्यांची रीत अशी हाय की ठेवायच्या दगडाला कोपऱ्यात रंगाचा एक ठिपका द्यायचा. ठिपका दिलेला दगड जपून काढायचा, बाकीचं बुजवायचं. रंगाचा डबा ह्यांच्या हाती दिला. लोखंडाला लावतात तो शेंदरी रंग. आन ब्रश होता दार रंगवायचा.

हे कसे हायत ठाऊक ना तुला? नाय, तुला कसं ठाऊक. हे एक काम सांगितलं की दीड करतात. ठिपका द्यायला गेले, रंग पातळ झाला, सातजणींच्या अंगावर ओघळला. तो ओघळ दिसू नये म्हणून सगळ्याच रंगवून टाकल्या.

आता त्या शेंदरी झाल्यात. दुपारी ऊन पडलं की पाण्यात बी त्याच दिसतात. चौदा होतात.

चिमणा

संक्रांतीनंतर, १९८०

अक्का,

तुला सांगते, अजून कुणाला सांगितलं नाय.

शेंदूर लागल्यावर त्या बाया सपनात बोलायला लागल्या. म्हणजे शब्द नाय, नुसता भांड्यात पाणी ओतल्यासारखा आवाज. पण कळतं. म्हणत होत्या, आम्हाला काढून नेणार, तू अजून आली नायस. एका पहाटे धुकं एवढं होतं की माझाच हात मला दिसंना. आत्याबाई बादली घेऊन नळाला गेल्या, हे मोटरपाशी. मी पोरीला पदरात घेऊन खाली उतरले. पायऱ्या दिसत नव्हत्या, पायालाच ठाऊक होत्या. हळद, कुंकू आन तेलाची एक वात. सातजणींना लावलं. पोरीच्या कपाळाला पाणी लावलं. घागर कुणी भरून दिली नाय, म्हणून भरलीच नाय. ते राहिलंय.

एवढंच केलं. वर आले, चूल पेटवली, कुणाला कळलं नाय.

पण कुंकू दिसतं ना, अक्का. नर्सरीत रोपं भरणाऱ्या बाया दुपारी पाणी प्यायला खाली उतरल्या. त्यातली चिमणाबाई, माझ्याच नावाची, वर येऊन मला म्हणती, "अगं, इथं पाण्याच्या साती आसरा बसल्यात आन तू सांगितलं नाय?" म्हणलं, "मला काय ठाऊक?" म्हणती, "शेंदूर कसा चढलाय बघ, अंगावर येतोय. कडक हायत." दुसऱ्या दिवशी तिनं लेकीला आणलं, लेकीनं जावेला. संक्रांतीला तर रांग लागली. पंचवटीतल्या बाया, कडेवर पोरं, हातात सुगडं. एकीनं हिरवी बांगडी वाहिली. एक म्हातारी मला विचारती, "पोरी, ह्या लय जुन्या का गं?" मी म्हणलं, "जुन्या तर हायत." खोटं नव्हतं ते.

आमचे हे आधी घाबरले, मग हसू आवरंना. म्हणाले, "मी ब्रश मारला तर देव झाले. नगरपालिकेनं पगार वाढवाया पायजे."

आत्याबाई वर कमानीत उभ्या राहून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "रंग नगरपालिकेचा, दगड कुणाचा ठाऊक नाय, आन नवस तुमचे." मग माझ्याकडं बघितलं. माझ्या नखात हळद राहिली होती. मी हात पदराखाली घेतला.

तुझा तिळगूळ यादवकाकांनी दिला. कागदात बांधलेला. चिठ्ठी हाय का म्हणून कागद उलटापालटा केला, नव्हती. तिळगूळ पोरीच्या ओठाला लावला. तिनं जीभ काढली.

चिमणा

नाशिक, फेब्रुवारी, तारीख विसरले

अक्का,

रस्त्याचे साहेब आले होते. गर्दी बघून लाल झाले. म्हणाले, "हे देव कुणी बसवले? परवा तर इथं काय नव्हतं!" एका म्हातारीनं त्यांनाच कुंकू लावलं. वडनेरे साहेब बाजूला उभे, मफलरात तोंड घालून. हसत होते का शिंकत होते कळलं नाय.

पण मग दोघांचं भांडण झालं. मी आतून ऐकलं. रस्त्याचे साहेब म्हणाले, "वडनेरे, हे तुम्हीच केलंत. रंग तुमचा, माणूस तुमचा. काम अडवायला देव उभा केलात. मी वर कळवतो आणि त्या पंपवाल्याला आधी घालवतो."

पंपवाला म्हणजे हे.

ते गेल्यावर वडनेरे साहेब खोलीत आले, खाली बसले. म्हणाले, "सहादू, आता खरं सांगा. मला कागदावर लिहायचं आहे. इथं पूजा आधीपासून चालत होती की रंग लावल्यावर सुरू झाली? आधीपासूनची असेल तर ते पूजेचं ठिकाण ठरतं, रस्ता वळवायला मला जोर मिळतो. नसेल तर मी खोटं लिहिणार नाही. एकदा खोटं लिहिलं की पुढं माझं कुणी कागदच वाचणार नाही. इथलं जुनं सांगणारं कुणी आहे का?"

जुनं माणूस एकच हाय, अक्का. आमच्या आत्याबाई. त्या लहानपणी इथं आल्या होत्या एवढं ह्यांना ठाऊक हाय. कशाला आल्या ते कधी सांगितलं नाय. त्या तवा नळावर होत्या. साहेब म्हणाले, होळीच्या आधी परत येतो.

तवापासून हे आईच्या मागं लागलेत. "आई, हो म्हण. हो म्हणायला काय जातं? छप्पर वाचतंय." आत्याबाई डाळ निवडत राहतात.

पण मनातनं मी बी तेच म्हणते, हो म्हणा, हो म्हणा. पोरगी मांडीवर असती आन छतावर पाणी हलत असतं, आन मला वाटतं हे छतच पाण्याचं हाय, कधी बी ओतंल.

होळीच्या आदल्या दिवशी

अक्का,

साहेब येऊन गेले. सगळं तसंच्या तसं लिहिते, विसरायच्या आत.

साहेब पायरीवर बसले, आत्याबाई उंबऱ्यात. मी चुलीपाशी, हे दाराला टेकून. साहेबांनी विचारलं, "आजी, तुम्ही लहान असताना इथं ह्या बायांची पूजा होत होती का?"

ह्यांनी खाकरून घेतलं. मी पोरीला एवढं घट्ट धरलं की ती कुरकुरली.

आत्याबाई म्हणाल्या, "नाय."

हे म्हणाले, "आई!"

"थांब रे. मला विचारलंय त्यांनी. साहेब, पूजा मी पाहिली नाय. पाहणार कशी? मला पायरीवर पाय ठेवू दिला नव्हता. ही पूजा गेल्या दोन महिन्यातली हाय. माझ्या सुनेनं सुरू केली. पोर भ्याली होती म्हणून केली. लिहायचं तर तिला बोल लागू न देता लिहा."

अक्का, त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

साहेब म्हणाले, "पाय ठेवू दिला नव्हता म्हणजे?"

मग त्यांनी सांगितलं. काळ्या रामाच्या देवळात शिरू द्या म्हणून जवा त्यांच्या लोकांनी दारात सत्याग्रह धरला, तवा विंचूरकडून वस्तीतली माणसं चालत निघाली. आत्याबाई आठ-नऊ वर्षांच्या असतील. त्यांची आई गरोदर. उन्हाचे दिवस. ह्या बारवेपाशी आले तवा आईला चालवंना. ती वर काठावर बसली. खालून पाण्याचा वास येत होता. पायऱ्यांवर माणसं होती, अंघोळी चालल्या होत्या. आई म्हणाली, वरून एक तांब्या ओता, मी ओंजळ धरते. कुणी ओतलं नाय. एकानं खाली पडलेला खडा उचलला, मारला नाय, नुसता हातात खेळवत राहिला. ती तशीच उठली आन चालायला लागली.

"मूल जगलं नाय," आत्याबाई म्हणाल्या. "पाण्यानं का कशानं, मला सांगता यायचं नाय. पण आई मरेपर्यंत म्हणायची, त्या बारवेचं पाणी लय गोड असंल. नायतर एवढं राखलं कशाला असतं?"

साहेबांची लेखणी थांबली होती. नाक बी ओढत नव्हते.

"माझ्या सहादूला इथलं काम लागलं तवा मी म्हणलं, जाऊ की. त्या बारवेच्या डोक्यावर जाऊन राहू. पण पाणी तोंडाला लावणार नाय. आता तुम्ही विचारता, ही जपायची का. साहेब, पूजेसाठी जपा असं मी म्हणणार नाय. पण बुजवू नका. ही बुजवली तर उद्या कुणी बी म्हणंल, असं काय नव्हतंच. पायऱ्या असल्या तर मी बोट दाखवून सांगते, इथं बसली होती माझी आई. रस्त्यावर उभी राहून काय दाखवू?"

साहेबांनी कागद गुडघ्यावर सरळ केला. मग म्हणाले, "हे लिहिलं तर रस्ता वळेल का, मला सांगता येत नाही आजी. कदाचित उलटंही होईल. हे वाचायला आवडणार नाही पुष्कळांना."

"नाय वळला तर नाय वळला. लिहा."

साहेबांनी लिहिलं. वाचून दाखवलं. आत्याबाईंनी अंगठा नाय दिला, सही केली. रात्रीच्या शाळेत शिकल्यात त्या, चाळिशीत. एक एक अक्षर दाबून.

साहेब गेल्यावर हे म्हणाले, "झालं. आता बांधा बोचकी." आन बाहेर निघून गेले. आत्याबाई माझ्याजवळ आल्या, पोरीला घेतलं. म्हणाल्या, "चिमणा, तुला राग आला?"

मी खोटं बोलले. नाय म्हणलं.

नाशिक, एप्रिल

अक्का, आज लय नाय लिहित. ऊन लागलंय डोळ्याला.

रोलर येऊन नर्सरीच्या कुंपणाला लागलाय. दिवसभर जमीन थरथरती. पाण्यात आपोआप गोल उमटतात, कुणी खडा न टाकता. छतावर बी तेच गोल. पोरगी ते धरायला हात उचलती. ह्यांना कामावर ठेवलंय अजून, पण रोज सकाळी जाताना माझ्याकडं बघत नायत.

बाया येतात. त्यांना कुणी काय सांगितलं नाय.

सपनात सातजणी आल्या होत्या. ह्या वेळी त्यांच्या मागं आठवी होती. पोट पुढं आलेलं, पदर डोक्यावर, पाय धुळीनं भरलेले. ओले नव्हते. ती दारात थांबली नाय, आत आली आन पोरीच्या शेजारी बसली. मला भ्या वाटलं नाय, हे खरं सांगते. मी उठून तिला पाणी द्यायला गेले तर जाग आली.

आत्याबाईंना सांगितलं. त्या कधी माझ्या सपनांना हो म्हणत नायत. म्हणाल्या, "साडी कुठल्या रंगाची होती?" म्हणलं, "धुळीच्याच रंगाची." मग त्या उठून बाहेर गेल्या.

बा कसा हाय? खोकला गेला का?

नाशिक, ११ जून १९८०

अक्का,

रस्ता वळला.

आत्याबाईंच्या सांगण्यानं वळला, का बायांची गर्दी बघून मेळ्याच्या तोंडावर कुणाला तंटा नको होता म्हणून वळला, का वडनेरे साहेबांनी मुंबईला एवढी पत्रं धाडली की ते लोक कंटाळले, ते त्यांना बी सांगता येत नाय. म्हणाले, "वहिनी, आमच्या कामात काय उपयोगी पडलं ते कधीच कळत नाही. उभं राहिलं एवढं बघायचं." नर्सरीतली अशोकाची रोपं काढून रस्ता तिकडून नेलाय. बारव राहिली. सात बायांचा दगड बी जागेवर.

पण खोली गेली, अक्का.

तोच कायदा हाय. जपायच्या जागेत राहायचं नाय, चूल पेटवायची नाय. आमच्या धुरानं कमान काळी झालीय, ते बी साहेबांनी लिहिलं. त्यांनीच लिहिलं! सांगताना मान खाली होती. मी म्हणलं, "साहेब, तुमच्या चहाचा बी धूर त्यातच हाय." मग हसले. मोटर बी काढली. ह्यांना पहारेकरी केलंय, पगार तेवढाच. नर्सरीच्या कोपऱ्यात पत्र्याची खोली दिलीय. उन्हात तापती, पावसात वाजंल. पण छप्पर हाय. छतावर पाणी नाय हलत. पोरगी पहिल्या दिवशी पाठीवर पडून वर बघत राहिली, मग माझ्याकडं बघितलं, जसं मीच कुठं ठेवलंय ते.

शेंदूर काढायला माणसं आली होती. रॉकेलनं पुसलं, घासलं. गालांवरून, हातांवरून निघाला. लुगड्यांच्या चुण्यांत, बोटांच्या मधे राहिलाय. साहेब म्हणाले, राहू द्या आता. बाया अजून येतात, हळदकुंकू वाहतात. आमचे हे पहारेकरी, त्यांना म्हणतात, "दगडाला तेल लावू नका, मावशी, नियम हाय." मावश्या म्हणतात, "तू गप रे, तुझ्या आधीच्या हायत त्या." हे माझ्याकडं बघून डोळा घालतात. बोलायला लागलेत माझ्याशी.

खोली सोडली त्या सकाळी सामान हलवून झालं. आत्याबाई दिसंनात. मी कडेवर पोरगी आन हातात रिकामी कळशी घेऊन बघायला गेले तर त्या पायऱ्या उतरत होत्या. इतक्या दिवसांत त्या वळणाच्या खाली कधी गेल्या नव्हत्या. एक एक पायरी, हात भिंतीला. सातजणींपाशी थांबल्या, बघितलं, पुढं गेल्या. शेवटच्या पायरीवर बसल्या. मी मागं उभी. मला यायला नको म्हणल्या नाय.

पाणी अगदी गप होतं. त्यांनी ओंजळ बुडवली आन लगेच प्याल्या नाय. हातातलं पाणी बघत राहिल्या. बोटांतून ठिबकत होतं. मला वाटलं सांडून जाईल सगळं. मग प्याल्या.

तोंड असं केलं, अक्का, पोरीला औषध देतो तवा ती करती तसं.

"मचूळ हाय गं!" म्हणाल्या.

मी म्हणलं, "हो आत्याबाई. पहिल्यापासून मचूळच हाय. चहा बी नीट होत नाय."

त्या माझ्याकडं बघायला लागल्या. आन हसायला लागल्या. एवढं हसल्या की बारव सगळी हसायला लागली, वरून, खालून, कमानीतून. पोरगी दचकली आन मग ती बी हसली, पहिल्यांदाच एवढा आवाज करून. डोळे पुसून आत्याबाई म्हणाल्या, "आई बिचारी गोड गोड म्हणत मेली."

मग त्यांनी माझ्या हातातली कळशी घेतली आन भरली. मला दिली. म्हणाल्या, "पूजा नाय ही. घरात पाणी नाय, म्हणून."

पहिली घागर माहेरच्या बाईनं भरायची असती ना. ती सासूनं भरली. चालतं का, तू सांग. आता मला भ्या वाटत नाय एवढं खरं.

पोरीचं नाव त्यांनी गौतमी ठेवलंय. पावसाळा निवळला की यादवकाका टोपल्या घेऊन येतील, त्यांच्या संगं ये. बाला सांगून ये नायतर न सांगता ये. पेठ नाक्यावर मी थांबंन. तू काय आणू नको, नागलीचं पीठ आणलं तर बरं.

हे पत्र लिहिताना आत्याबाई बाजूला बसल्यात. अक्षर बघत्यात माझं. म्हणतात, "लिही तुझ्या बहिणीला. म्हणावं, पाणी मचूळ हाय, पण कुणी अडवत नाय."

चिमणा